खुडूक कोंबडी : अंड्यांवरच्या बैठकीचा इतिहास

ओळीने अंडी घालणारी कोंबडी एखाद्या दिवशी अंडी घालणे थांबवते, खुराड्याचा काळोखा कोपरा धरून बसते, पिसे फुलवते, जवळ येणाऱ्या हातावर चोच मारते आणि घशातून सतत जाडसर आवाज काढत राहते. या अवस्थेतील कोंबडीला मराठीत खुडूक कोंबडी म्हणतात. अंडी उबवून पिल्ले काढण्याची तिची सहजप्रेरणा जागी झाली आहे, एवढाच या अवस्थेचा अर्थ असला तरी माणसाने तिला दिलेली किंमत सर्व काळी सारखी राहिलेली नाही. शेतकरी कुटुंबाच्या लेखी खुडूक कोंबडी ही कळप वाढवणारी भांडवली वस्तू होती, तर विसाव्या शतकातील कुक्कुटउद्योगाच्या लेखी ती उत्पादनात खंड पाडणारा दोष ठरली. अंडे हे बियाणे मानायचे की माल, या प्रश्नाचे उत्तर जसजसे बदलत गेले तसतसा या पक्ष्याचा स्वभावही माणसाने बदलून घेतला, आणि महाराष्ट्रात हा बदल एका माणसाच्या आयुष्यात मावेल इतक्या थोड्या काळात घडला.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे दक्षिण व आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा. सह्याद्रीच्या जंगलात आढळणारा करडा रानकोंबडा ही वेगळी जात असली, तरी पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो ते तिच्याकडून आल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले आहे. रानातील मादी जमिनीवरच्या खळग्यात मोजकी अंडी घालते आणि लगेच त्यांवर बसते. जास्त अंडी घालत राहण्यात तिचा काही लाभ नसतो, कारण तिच्या पंखांखाली मावतील तेवढीच अंडी उबू शकतात. अंडी घालणे आणि अंडी उबवणे ही एकाच चक्राची दोन टोके असून एक चालू असताना दुसरे थांबते, ही निसर्गाची मांडणी पाळीव कोंबडीकडेही आली. कोंबडीपालनाचे सारे व्यवस्थापन या मांडणीशी जुळवून घेण्याचे किंवा तिच्याशी झगडण्याचे आहे.

भारतात या विषयाच्या जाणकारीचा अतिशय जुना पुरावा पाली वाङ्मयात सापडतो. बौद्ध सुत्तांमध्ये एक दृष्टान्त अनेक ठिकाणी येतो, तो असा : कोंबडीची आठ, दहा किंवा बारा अंडी आहेत, ती त्यांवर नीट बसली, तिने त्यांना नीट ऊब दिली, तर पिल्लांनी कवच फोडून सुखरूप बाहेर यावे अशी इच्छा तिने केली नाही तरी ती बाहेर येतात, आणि ती नीट बसलीच नाही तर तिने कितीही इच्छा केली तरी ती येत नाहीत. भिक्षूच्या साधनेसाठी योजलेला हा दृष्टान्त ज्यांना सांगितला जात होता त्या श्रोत्यांना कोंबडीची बैठक घरची असली पाहिजे, अन्यथा त्याचा उपयोगच झाला नसता. आठ ते बारा ही संख्याही हवेतली नाही. गावठी कोंबडीखाली आजही साधारण दहा ते बारा, कोंबडी अंगाने मोठी असेल तर पंधरापर्यंत अंडी ठेवतात. कवच आधी फोडून बाहेर येणारे पिल्लू सर्वांत थोरले मानावे, हा विचारही विनयपिटकात बुद्धाच्या तोंडी आला आहे.

संस्कृत शास्त्रपरंपरेत मात्र कोंबडीला असे स्थान मिळाले नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ग्रामकुक्कुट, म्हणजे गावात पाळलेला कोंबडा, द्विजांना अभक्ष्य ठरवला आहे, आणि ज्यांच्या घरात कोंबडी शिरत नव्हती त्यांच्याच हातात लेखणी होती. हत्ती आणि घोडे यांच्यावर स्वतंत्र शास्त्रे रचली गेली, पण कोंबडा दरबारी ग्रंथांत आला तो मुख्यतः झुंजीपुरता. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या करमणुकींमध्ये कुक्कुटविनोदाचे प्रकरण आहे ते याच अर्थाने. अंडी उबवण्याची विद्या त्यामुळे कुणबी, धनगर, महार, कोळी, ठाकर, भिल्ल, मुसलमान आणि ख्रिस्ती घरांच्या मागच्या अंगणात, आणि तेथेही बहुतांशी बायकांच्या हाती, लेखी नोंदीविना टिकून राहिली.

या विद्येचा तपशील पाहिला म्हणजे ती किती बारकाईने बांधलेली होती हे कळते. कोंबडी खुडूक झाली की लगेच तिच्याखाली चांगली अंडी ठेवली जात नसत. आधी एकदोन अंडी देऊन ती दोनतीन दिवस टिकून बसते की उठून जाते याची परीक्षा घेतली जाई, कारण अर्ध्यावर बैठक सोडणारी कोंबडी संपूर्ण घाण, म्हणजे एका वेळी बसवलेली सगळी अंडी, वाया घालवते. बसवण्यासाठी लागणारी अंडी तोवर धान्यात किंवा गार जागी ठेवलेल्या मडक्यात साठवलेली असत. ती फार जुनी चालत नाहीत, हे अनुभवाने ठाऊक होते, आणि आठवडाभराहून अधिक काळ ठेवलेल्या अंड्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण घटत जाते असे आजचे शास्त्रही सांगते. टोपलीत किंवा फुटक्या घमेल्यात माती वा राख पसरून त्यावर भाताचा पेंढा किंवा वाळके गवत घालून मध्ये किंचित खोलगट जागा केली जाई, जेणेकरून अंडी कडेला घरंगळून गार पडू नयेत. राखेमुळे आणि कडुनिंबाच्या पाल्यामुळे पिसवा व उवा कमी होत, आणि हा उपाय केवळ स्वच्छतेचा नव्हता, कारण किड्यांनी हैराण झालेली कोंबडी हमखास अंडी सोडून उठते.

कोंबडीला अंड्यांवर सहसा संध्याकाळी बसवत, म्हणजे अंधारात तिला जागेची बदली जाणवत नाही आणि सकाळपर्यंत ती स्थिरावते. त्यानंतरचे २१ दिवस तिचे काम एकटीचे असते. पोटाखालची पिसे गळून उघड्या पडलेल्या, रक्ताने उबदार झालेल्या कातडीला अंडे थेट चिकटते. दिवसातून अनेकदा ती चोचीने अंडी फिरवते, कडेची मध्ये आणि मधली कडेला आणते. अंडे फिरले नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतो. उबवणी यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान राखण्याचा आणि ठरावीक वेळाने ट्रे कलते करण्याचा जो खटाटोप असतो, तो या हालचालीची नक्कलच आहे. दिवसातून एकदा ती खाण्यापिण्यासाठी थोडा वेळ उठते. तेवढ्या वेळात अंडी गार झाली तरी बिघडत नाही, पण काही कोंबड्या इतक्या चिवट असतात की त्या उठतच नाहीत आणि बसल्या जागी खंगत जातात. अशा कोंबडीला रोज हाताने उचलून ज्वारी-बाजरीचे दाणे किंवा तांदळाची कणी आणि पाणी यांच्यापुढे ठेवावे लागते. हे काम घरातील म्हातारीचे किंवा मुलांचे.

आठवड्यानंतर अंडी तपासली जात. दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत किंवा कंदिलापुढे अंडे धरून आत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते का ते पाहायचे आणि निव्वळ पारदर्शक दिसणारे, म्हणजे बीज न धरलेले अंडे काढून टाकायचे, ही रीत जगभर आहे. अखेरच्या दिवसांत कोमट पाण्यात अंडी सोडून पाहण्याची रीतही भारतातील अनेक भागांत आढळते. जिवंत पिल्लू असलेले अंडे पाण्यावर हलकेच थरथरते, मेलेले निश्चल राहते. पिल्ले निघाल्यावर आई आणि पिल्ले काही दिवस डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या विरळ विणीच्या उपड्या टोपलीखाली, ठेवली जात. घार, कावळा, मुंगूस आणि मांजर यांच्यापासून पिल्लांना वाचवण्याचे खरे काम मात्र आईच करते, आणि गावठी कोंबडीची थोरवी अंड्यांच्या संख्येत नसून या राखणीत आहे, हे शहरी अभ्यासकांच्या उशिरा लक्षात आले.

ऋतूचा हिशेब सर्वांत कडक होता. ऐन उन्हाळ्यात हवाच इतकी तापलेली असते की कोंबडी बसण्याआधीच अंड्यातला गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि कोमेजतो. पावसाळ्यात ओलीने पिल्ले गारठतात. खळ्यावर सांडलेले दाणे आणि सुसह्य थंडी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या दिवाळीनंतरच्या महिन्यांत बसवलेली घाण उत्तम साधते.

व्यवहारज्ञानाच्या या विणीत श्रद्धेचे धागेही होते. अंडी विषम संख्येने ठेवावीत, मेघगर्जनेने अंड्यातील जीव मरू नये म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा, खिळा, कोळसा किंवा मिरची ठेवावी, अशा समजुती भारताच्या अनेक प्रांतांत आहेत. त्या केवळ स्थानिक मानणे चूक ठरेल, कारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कॉल्युमेला याने आपल्या शेतीविषयक ग्रंथाच्या आठव्या भागात विषम संख्येची अट घातली आहे आणि गडगडाटापासून रक्षण म्हणून घरट्याच्या गवताखाली लॉरेलच्या डहाळ्या, लसणाचे गड्डे व लोखंडी खिळे ठेवण्याची रीत नोंदवली आहे. इटलीतील ही रीत आणि दख्खनमधील खिळा यांचा परस्परसंबंध दाखवणारी कोणतीही साखळी जोडून दाखवता येत नाही. अवकाळी वादळात कोंबडी बिथरून उठली, अंडी गार पडली आणि पिल्ले निघाली नाहीत, या दोन्हीकडे सारख्याच येणाऱ्या अनुभवातून दोन्हीकडे सारखाच उपाय सुचला असावा, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे.

व्यवस्थापनाची दुसरी बाजू खुडूक मोडण्याची. घरात आधीच एक कोंबडी बसलेली असेल, उन्हाळा असेल किंवा अंडी विकायची असतील, तर खुडूक झालेल्या कोंबडीचे बसणे थांबवावे लागे; त्यासाठी तिला थंड पाण्यात बुडवून काढणे, पाय बांधून उजेडात ठेवणे, नाकपुडीत पीस घालणे असे उपाय केले जात. पहिल्या उपायामागे तथ्य आहे, कारण पोटाची उष्णता उतरली की बसण्याची प्रेरणा ओसरते, आणि याच तत्त्वावर पुढे खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात खुडूक कोंबडी चारपाच दिवस ठेवण्याची पद्धत कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत आली. नाकातल्या पिसाचा उपाय मात्र पक्ष्याला नुसता छळणारा आहे.

अशा रीतीने चालणाऱ्या गावठी कोंबडीचे वर्षाचे उत्पन्न साधारण ५० ते ७० अंड्यांपलीकडे जात नाही. बारापंधरा अंडी घालून झाली की ती खुडूक होते, त्यात २१ दिवस जातात, आणि पुढे पिल्ले मोठी होईपर्यंत आणखी काही आठवडे. हिशेबाने पाहता हा तोटा दिसतो, पण तिच्यावर खर्च जवळजवळ नसतो आणि तिची पिल्ले म्हणजे बाजारातून विकत न घ्यावी लागणारी पुढची पिढी असते. या उत्पन्नावर बहुधा घरातील बाईचा हक्क असे. मीठमिरची, मुलांच्या वह्या आणि अडीनडीचा पैसा त्यातून निघे. ज्या बाईकडे कोंबडी नसे तिला दुसरी खुडूक कोंबडी किंवा तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, वाट्याने देई आणि निघालेली पिल्ले दोघींत वाटली जात. न बसणारी किंवा पिल्ले न सांभाळणारी कोंबडी लवकर भांड्यात जाई आणि चांगली आई असलेली राखली जाई. शेकडो पिढ्या चाललेली ही निवड म्हणजे प्रजननशास्त्रच होते, फक्त त्याला वही नव्हती.

कोंबडीवाचून अंडी उबवण्याचा विचारही जुना आहे. इजिप्तमध्ये उकिरड्यात अंडी पुरून उबवतात, असे ॲरिस्टॉटलने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात लिहिले आहे, आणि त्याच ठिकाणी सिराक्यूजच्या एका मद्यप्याची कथा दिली आहे, जो चटईखाली अंडी ठेवून ती फुटेपर्यंत न थांबता पीत बसे. पुढे इजिप्तमध्ये विटांच्या भट्ट्यांत एका वेळी हजारो अंडी उबवण्याचा वंशपरंपरागत धंदा उभा राहिला, ज्यात तापमापक नव्हता आणि उबेचा अंदाज अंडे पापणीला लावून घेतला जाई. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून ही कला युरोपात आणण्याचा प्रयत्न केला. तेथे ती फारशी रुजली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियातील पेटालुमा गावी, व्यापारी उबवणी यंत्रे बनू लागली आणि विजेने चालणारी मोठी यंत्रे विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात आली.

यंत्र आल्यावर खुडूक होणे हा गुण उरला नाही. इटलीहून अमेरिकेत गेलेली आणि तेथे घडवली गेलेली व्हाइट लेगहॉर्न ही जात आधीपासूनच क्वचित बसणारी म्हणून प्रसिद्ध होती; सापळा-घरट्यामुळे, म्हणजे कोंबडी आत शिरताच दार पडून कोणी किती अंडी घातली हे मोजता येईल अशा पेटीमुळे, बसण्यात वेळ दवडणारी प्रत्येक कोंबडी वहीत उघडी पडू लागली आणि वगळली जाऊ लागली. परिणामी वर्षाला ३०० अंडी घालणारे पक्षी तयार झाले. ही प्रेरणा नष्ट झाली की नुसती दबली, हा प्रश्न यापूर्वीच विचारला गेला होता. न बसणाऱ्या दोन जातींचा संकर केला असता त्यांची संतती पुन्हा अंड्यांवर बसू लागते, अशी उदाहरणे डार्विनने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात पूर्वजांचे लक्षण परतण्याचा पुरावा म्हणून दिली होती. १९३५ साली ऑस्कर रिडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, म्हणजे मेंदूतळाच्या ग्रंथीतून रक्तात सोडले जाणारे द्रव्य, टोचून अंडी घालणाऱ्या कोंबड्या खुडूक करून दाखवल्या. सस्तन प्राण्यांत दूध तयार करवणारे हेच संप्रेरक कोंबडीत अंडे थांबवून आईपण सुरू करते.

भारतात अंड्याचे मालात रूपांतर होण्याला एक नैतिक अडसर होता, आणि त्याची चर्चा पुण्यात लिहिल्या गेलेल्या एका पुस्तिकेत आहे. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी आरोग्यावर जे प्रकरणवार लेखन केले, त्यात कोंबड्याशिवाय घातलेल्या निर्बीज अंड्यातून पिल्लू कधीच निघत नसल्याने दूध पिणाऱ्याला ते वर्ज्य असण्याचे कारण नाही, असे मत त्यांनी मांडले. अंडे आणि पिल्लू यांची वैचारिक फारकत येथे स्पष्ट शब्दांत झाली. पिंजऱ्यातील उत्पादनाने तीच प्रत्यक्षात आणली.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत आरे येथे केंद्र सरकारचे कुक्कुट प्रजनन क्षेत्र उभे राहिले, राज्य सरकारने पुणे, नागपूर, औरंगाबाद आणि कोल्हापूर येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे चालवली, आणि १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी स्थापन केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजने पुढे पुण्याला या उद्योगाचे केंद्र बनवले. १९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे कार्यालयही पुण्यातच आहे. एका दिवसाचे पिल्लू खोक्यातून गावात येऊ लागले. त्याला आई लागत नाही, विजेचा दिवा लागतो.

या काळात गावठी कळपावर दोन आघात झाले. पहिला जुनाच, राणीखेत रोगाचा. १९२०च्या दशकात कुमाऊँमधील राणीखेतवरून नाव मिळालेला आणि मराठीत मानमोडी म्हणून ओळखला जाणारा हा रोग उन्हाळ्याच्या तोंडावर गावेच्या गावे रिकामी करतो, आणि इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत तयार झालेल्या लशी फार्मवर नियमाने पोहोचल्या तरी परसातल्या दहा कोंबड्यांपर्यंत क्वचितच पोहोचल्या. दुसरा आघात फेब्रुवारी २००६ चा. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक नोंदला गेला, आणि फार्मच्या पक्ष्यांबरोबर आसपासच्या आदिवासी घरांतील कोंबड्याही मारण्यात आल्या. फार्मला नवी पिल्ले कंपनीकडून मिळू शकत होती, परंतु बसणारी, पिल्ले राखणारी कोंबडी कोणत्याही कंपनीच्या दरपत्रकात नव्हती, हा फरक भरपाईच्या हिशेबात कोठेच धरलेला नव्हता.

परसातील कुक्कुटपालनाला उत्तेजन म्हणून सरकारी संस्थांनी गिरिराजा आणि वनराजा यांसारखे रंगीत पक्षी तयार केले, जे दिसायला गावठी आहेत, मुक्त हिंडतात आणि गावठीपेक्षा दुपटीहून अधिक अंडी देतात. ती अंडी मिळतात याचे एक मुख्य कारण हे पक्षी सहसा खुडूक होत नाहीत हेच आहे. म्हणून त्यांची पुढची पिढी गावात आपोआप निघत नाही, आणि निघाली तरी संकराचे गुण तिच्यात पूर्ण उतरत नाहीत. योजनेतून पक्षी मिळालेल्या कुटुंबाला दर फेरीला पिल्लांसाठी पुन्हा उबवणी केंद्राकडेच जावे लागते, आणि ग्रामीण स्वावलंबनाच्या नावाने आखलेल्या योजनेतील ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. केंद्र दूर असेल किंवा वीज भरवशाची नसेल तेथे ही अंडी उबवण्यासाठी शेजारची खुडूक गावठी कोंबडीच मागून आणली जाते.